मेजाखालचे पेव

त्या घरात जेवताना गप्प बसणे हा जवळजवळ गुन्हाच होता. इतर घरांत लेकरांना तोंडात घास असताना बोलू नये असे शिकवतात. इथे घास मोठा झाला आणि बोलणे अडले, तर शेजारचा पाठीत धपाटा घालून विचारी, "काय रे, जीभ गहाण टाकलीस का?" धान्याच्या व्यापारात गब्बर झालेले हे घराणे त्या लांबलचक शिसवी मेजाभोवती बसून कित्येक पिढ्या अखंड बोलत आले होते: पिकांवर, पाहुण्यांवर, शेजाऱ्यांच्या सोयरिकींवर, एकमेकांच्या पोटांच्या घेरांवर. मेजाच्या डोक्याकडच्या भिंतीत एक पितळी पाटी बसवलेली होती. टंचाईच्या साली लपवलेल्या धान्याच्या शोधात आलेल्या, आणि शोध सोडून पाहुणचार झोडून गेलेल्या, एका सरकारी अधिकाऱ्याचे उद्गार तिच्यावर कोरले होते: 'इतके बोलके घर मी दुसरे पाहिले नाही.' घराण्याला वाङ्मयाकडून मिळालेली ही एकमेव पावती. ती नेमाने घासूनपुसून लखलखीत ठेवली जाई.

धाकटी सून या घरात आली तेव्हा पहिल्याच जेवणाला तिने माहेरच्या सवयीप्रमाणे मान खाली घातली आणि निमूट जेवू लागली. दोन घास झाले नसतील, तोच सासूबाईंनी मेजाखालून तिचा हात घट्ट धरला. चेहरा हसरा होता, बोटे मात्र गारठलेली.

"अगं, काहीही बोल. पाढे म्हण, पण बोल."

सून इतिहासाची विद्यार्थिनी. घाबरून तिने एका राजवंशाची वंशावळ म्हणायला घेतली. धाकट्या राजपुत्राने थोरल्याचे डोळे काढले इथपर्यंत ती पोचली, तेव्हा सासऱ्यांनी मेजावर थाप मारली. "वा! ही आपल्यातलीच आहे." त्या वेळी तिला ही स्तुती वाटली होती.

पुढे ती महाविद्यालयात व्यापाराचा इतिहास शिकवू लागली. वजने आणि मापे यांवर तिने दोन जाडजूड ग्रंथ लिहिले. ते घरातल्या कुणी उघडले नाहीत; मांजर मात्र त्यांच्यावर आवडीने झोपे. थोरले दीर तिला 'प्रोफेसरीणबाई' म्हणत. त्या हाकेत कौतुक किती आणि चिमटा किती, याचा हिशेब तिने कधीच सोडून दिला होता.

गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा गेला. उन्हाळा लागता लागता थोरल्या दिरांनी घर एका हॉटेल कंपनीला देऊन टाकले. "विकलं कुठं? जगाला दाखवतोय," असे ते ज्याला त्याला सांगत. दर्शनी पेढीत स्वागतकक्ष होणार होता, वखारीत पोहण्याचा तलाव, माडीवर पाहुण्यांच्या खोल्या. जेवणघर होते तसेच राहणार होते. प्रत्येक दालनात घराच्या इतिहासाचा एक फलक लागणार होता, आणि फलकांचा मजकूर लिहायला घरात आयती इतिहासकार होती.

"लिहा, पण पचेल असा लिहा," दिरांनी बजावले. "माणसं सुट्टीवर येणारेत, परीक्षेला नाही."

पेढीचा फलक तिने एका बैठकीत लिहिला. माडीचा लिहिला. जिन्याचा लिहिला, त्या जिन्याच्या कठड्यावर तीन पिढ्यांच्या सुनांनी ओलेते केस वाळवले होते, ही गोष्ट तिने त्यात घातली आणि दिरांनी 'अशोभनीय' म्हणून काढली. जेवणघराशी मात्र तिची लेखणी अडली.

त्या दालनातल्या वस्तू ती कालक्रमाने मांडू लागली, आणि मांडता मांडता तिच्या लक्षात आले की एक मेज सोडले तर तिथे जे जे आणले गेले ते ते आवाज करणारे होते. घराच्या मूळपुरुषाने चारी भिंतींवर ठोके देणारी घड्याळे टांगली, आणि ती एका वेळी वाजू नयेत म्हणून मुद्दाम मागेपुढे लावली. त्याच्या मुलाने पिंजरे आणले. नातवाने ग्रामोफोन आणला आणि तो वाजवायला पगारी माणूस ठेवला. जेवणघरात कुणी नसले तरी तो माणूस चावी देत बसे. मग रेडिओ आला. तो तिच्या देखत रात्रंदिवस चालू असे. बिघडला तर दुरुस्त होईपर्यंत शेजाऱ्यांचा उसना आणत. आता हॉटेलवाले पियानो आणणार होते. घराण्यात याला 'संगीताची आवड' म्हणत. या घरातल्या एकालाही सूर कशाशी खातात ठाऊक नव्हते.

पिंजऱ्यांवरून तिला पोपट आठवला. पोपटाची गोष्ट थोरले दीर दर मेजवानीला सांगत, आणि तीही इतकी वर्षे इमानाने हसत आली होती. आजोबांनी पोपटाला वर्षभर पढवले: या, बसा, जेवा. पोपट ढिम्म. एकदा पंगतीत सगळ्यांनी एकाच वेळी पाण्याचे पेले तोंडाला लावले, क्षणभर शांतता झाली, आणि पोपट स्वच्छ आवाजात म्हणाला, "आहे." काय आहे रे? "आहे." त्यावर आजी म्हणाली, "व्यापाऱ्याचा पोपट आहे, माल नाही असं कसं म्हणेल?" इथे सगळे हसत. गोष्टीचा शेवट तिला एकदा नवऱ्याने सांगितला होता, दिवा मालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी आजोबांनी स्वतःच्या हाताने पोपटाची मान मुरगळली.

"का पण?" तिने विचारले होते.

"कुणीच शिकवलं नव्हतं ना त्याला ते."

'आहे' हा शब्द त्या घरात भलत्याच ठिकाणी ऐकू येई. न्हाणीघराचे दार लागले की बाहेरचा माणूस टकटक करून विचारी, "आहेस का?" आतला म्हणे, "आहे." विचारणाऱ्याने मग दाराशी उभे राहायचे, आतला बाहेर येईस्तोवर हलायचे नाही. नव्या नवरीच्या दिवसांत तिला हे प्रेम वाटले, पुढे पाळत वाटली, आणि अखेर ती एक सवय होऊन गेली. केस धुवायला बसलेल्या बायकोसाठी दाराशी ताटकळणारा नवरा हा घरातला कायमचा विनोद होता. जाऊबाई म्हणत, "आमच्या घरची लग्नं टिकतात ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर."

ही रीत कुठून आली ते तिला तिच्या विषयामुळे माहीत होते. धान्याचे पेव म्हणजे जमिनीत खणलेला रांजण: तोंड अरुंद, पोट मोठे, आतून पेंढा आणि माती. बंद पेवात धान्य कोंदते आणि आतली हवा मारक होते. म्हणून पेवात माणूस उतरला की धन्याने तोंडाशी बसून सारखे विचारत राहायचे. उत्तर आले की हवा बरी. उत्तर येत आहे तोवर धन्याने जागा सोडायची नाही. सोडलीच, तर घरच्याच दुसऱ्या माणसाने तिथे बसायचे. साऱ्या धान्यबाजाराचा हा अलिखित कायदा होता. पेवे गेली, कायदा न्हाणीघरात येऊन राहिला.

नवरा इस्पितळात होता तेव्हा तीही विचारत राहिली होती. आहेस का? आहे. आहेस का? आहे. एका सकाळी उत्तर आले नाही. तरी ती खुर्चीवरून उठली नव्हती. परिचारिकेने दंडाला धरून उठवले.

घराण्याच्या खजिन्यात आणखी एक गोष्ट होती, चोर मापाऱ्याची. टंचाईच्या साली मूळपुरुषाने म्हणे सगळी पेवे उघडून धान्य गावात वाटले. त्याच धामधुमीत धान्य मोजणारा घरचा मापारी घराण्याचे चांदीचे माप घेऊन पसार झाला. उदार मूळपुरुषाने फिर्याद केली नाही. त्याने फक्त मापाऱ्याच्या बायकापोरांना मागच्या खोपीतून हाकलले, आणि चोराचे कुटुंब म्हणून त्यांना गावात कुणी दारात उभे केले नाही. हॉटेलवाल्यांना ही गोष्ट फार भावली होती. तळघरातल्या मद्यालयाचे नाव 'पळपुटा मापारी' ठरले होते. पाठीवर चांदीचे भांडे घेऊन धूम ठोकणाऱ्या माणसाचे चित्रही तयार होते. मोठे गमतीदार होते.

हे सगळे असेच चालू राहिले असते. पण लिफ्टसाठी जमीन तपासताना हॉटेलच्या इंजिनीअरला जेवणघराखाली पोकळी लागली. त्याने अंगणाच्या बाजूने, भिंतीच्या पायाशी, तिरपे भोक पाडले. भोकातून एक आंबूस उसासा बाहेर आला. त्याने तारेला दिवा बांधून आत सोडला, तो विझला. तार वर ओढली तेव्हा तिला काळे पडलेले दाणे चिकटले होते. धाकटी सून अंगणातच उभी होती. तिने एक दाणा तळहातावर घेतला आणि बराच वेळ मूठ मिटून ठेवली.

"घाबरू नका मॅडम," इंजिनीअर म्हणाला. "उद्या याच भोकातून काँक्रीट भरून टाकू. वर काही हलवायला नको."

दुसऱ्या दिवशी घरच्या मंडळींचे निरोपाचे जेवण होते, दुपारचे. सकाळीच ती पेढीत जाऊन दिरांसमोर उभी राहिली. ते गल्ल्यामागच्या जुन्या बैठकीवर बसून चहा पीत होते.

"भाऊजी, ते पेव भरण्याआधी उघडा."

"कसलं पेव? पोकळी आहे ती. पोकळी भरतात."

"आत धान्य आहे. काठोकाठ असावं."

"राहिलं असेल थोडं. थोरल्यांनी सगळी पेवं वाटली, त्यात एखादं विसरलं असेल."

"विसरलं?" ती हसली. वर्गात पहिल्या बाकावरचा मुलगा तोंडावर आपटला की ती असे हसत असे. "धान्याचा व्यापारी, टंचाईचं साल, भाव आभाळाला टेकलेले, आणि तो स्वतःच्या ताटाखालचं पेव विसरतो? बरं, त्या साली तपासणीच्या भीतीनं लपवलं असेल. पुढच्या साली? त्याच्या पुढच्या? भाऊजी, तुम्ही सडू द्याल?"

दिरांच्या व्यापारी रक्ताला हा टोमणा झोंबला. "मी? एक पोतं सडू देणार नाही मी. आमच्या घरात दाणा..."

ते थांबले. चहाची बशी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "दाणा सडू न देणाऱ्या घराण्यानं पेवच्या पेव सडू दिलं. म्हणजे ते उघडण्याची किंमत धान्याच्या किमतीहून जास्त होती. तपासणी अधिकारी ठरल्या वेळेच्या आधी आला असणार. मापारी आत होता. झाकण टाकलं, वर मेज ओढलं, पानं वाढली. आणि बोलायला सुरुवात केली. तेव्हापासून आपण बोलतोय."

"कादंबरी लिहा, प्रोफेसरीणबाई. खपेल."

"माझं चुकत असेल तर झाकण उघडून मला खोटं पाडा. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"मेज हलवायचं नाही असं करारात आहे."

"कुणी घातलं करारात?"

"मीच."

"का?"

दिरांनी गल्ल्यावरची धूळ बोटाने पुसली. धूळ तिथे नव्हतीच. "बाबांनी सांगितलं होतं. बाबांना त्यांच्या बाबांनी. प्रत्येक गोष्टीला का विचारायचं नसतं." मग आवाज चढवून म्हणाले, "ऐका. त्या बाई येणार आहेत, हॉटेलच्या संचालिका. सगळ्यांचे वाटे त्यांच्या सहीवर अडलेत, तुमचाही. जेवणानंतर पंप सुरू होईल. तुम्ही घरावर दोन शब्द बोला. गोड बोला. आणि विषय संपला."

"त्याची बायकापोरं चोराची म्हणून देशोधडीला लागली."

"असतील. मेली असतील आता सगळी."

"हो. तो एकटाच राहिलाय," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

जेवणाला मेज भरले होते. हॉटेलच्या संचालिका पाटीखाली, मानाच्या जागी. एका बाजूला थोरले दीर, दुसऱ्या बाजूला जाऊबाई, पुढे पुतणे, पुतण्या, त्यांचे जोडीदार. सगळ्यांत टोकाला आक्का, दिरांची थोरली बहीण. लहानपणीच्या तापात आक्कांचे कान गेले होते, आणि म्हणूनच की काय, घरात त्यांच्याइतके कुणी बोलत नसे. त्यांची एक खोड होती: त्या मेजाला कधी हात लावत नसत. खुर्ची हातभर मागे ओढून, ताट मांडीवर घेऊन जेवत. पोरे नक्कल करून हसत, आणि आक्काही हसत.

खिडकीखाली अंगणात काँक्रीटचा पंप येऊन उभा होता. त्याचा जाड नळ भिंतीच्या पायाशी अंग टाकून पडला होता. कोपऱ्यात रेडिओ चालू होता.

"अहो, या घरात तुम्हाला कंटाळा येणार नाही," जाऊबाई संचालिकांना सांगत होत्या. "माझं बाळंतपण चालू होतं वरती, आणि खाली यांची वादावादी एवढी, की सुईणीनं पोराला विचारलं, बाबा, नक्की यायचंय का?"

"आणि मी आलो!" थोरला पुतण्या म्हणाला.

"आलास, आणि त्या दिवसापासून बोलतोयस."

हशा पिकला. ताटे भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. अखेर दिरांनी पेल्यावर चमचा वाजवला. "आता आमच्या प्रोफेसरीणबाई दोन शब्द बोलतील. दोनच हां, बाई."

ती उठली. आधी कोपऱ्यात गेली आणि रेडिओची पिन ओढून काढली. मग मेजापाशी परत येऊन उभी राहिली.

"या घरातून एक माणूस नुकताच गेला," ती म्हणाली. "माझा नवरा. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, कुणाचा काका. त्याच्यामागे आपण सगळं केलं. एकच राहिलं. त्याच्यासाठी एक मिनिट शांतता पाळू या."

दिरांचे तोंड उघडले आणि तसेच राहिले. मेलेल्या धाकट्या भावासाठी एक मिनिट गप्प बसायला नकार कसा द्यायचा, तोही बाहेरच्या बाईंसमोर, हे कुठल्याच बापाने आपल्या मुलाला सांगून ठेवले नव्हते. संचालिका तर डोळे मिटून उभ्याही राहिल्या. एकेक करून सगळे उठले. आक्कांना काही कळले नाही. इतर उठले म्हणून त्याही ताट खुर्चीवर ठेवून उठल्या.

शांतता झाली.

आधी तिच्यात माणसांचे आवाज होते: कुणाचे पोट, कुणाची बांगडी, नाकातून चालणारा श्वास. मग तेही ओसरले. त्या दालनाला शांततेची सवय नव्हती, ते अवघडल्यासारखे झाले. भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. आणि मग, पायांच्या खालून, धातू दगडावर आपटावा तसा एक बोथट ठोका आला. थोड्या वेळाने दुसरा. घाई नव्हती त्यात. ठोकणाऱ्याला वेळेचा धाक उरलेला नव्हता.

धाकटी पुतणी शेजारणीच्या चपलांकडे पाहू लागली. दिरांचे ओठ हलू लागले होते. ते बोलायला शब्द शोधत होते आणि आयुष्यात प्रथमच त्यांना ते सापडत नव्हते.

तिने मेजाच्या लाकडावर दोनदा टकटक केले. न्हाणीघराच्या दारावर करतात तसे.

"आहेस का?"

"आहे."

आवाज खालून आला. त्यात विनवणी नव्हती, तक्रारही नव्हती. कामातल्या माणसाने धन्याला द्यावे तसे ते उत्तर होते: कर्तव्यापुरते, थोडे दमलेले. सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडांकडे पाहिले. सगळी तोंडे मिटलेली होती.

"कोण बोललं?" संचालिकांनी डोळे उघडून विचारले.

आणि दिरांना कंठ फुटला. "आमच्या आजोबांचा एक पोपट होता!" ते ओरडलेच. "गंमत ऐका, फार गंमत आहे. आजोबांनी त्याला वर्षभर शिकवलं. या म्हण, बसा म्हण, जेवा म्हण. पोपट काही बोलेना. मग एकदा सगळे पाणी प्यायला लागले, असे, आत्ता आहेत तसे गप्प झाले, आणि पोपट म्हणाला..."

ते तिथेच अडले. पुढचा शब्द त्यांच्या जिभेवर येऊन बसला होता, आणि तो उच्चारणे त्यांना जमेना. जाऊबाईंनी त्यांचा हात धरला. लग्नानंतर सासूबाईंनी मेजाखालून धरलेला हात धाकट्या सुनेला आठवला. ती बोटेही अशीच पांढरी पडलेली असणार.

टोकाकडून आक्का पुढे आल्या. त्यांनी दोन्ही तळवे पसरून मेजावर टेकले, आणि डोळे मिटून घेतले.

"हा इथंच आहे," बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, सपाट आवाजात त्या म्हणाल्या. "मी सहा-सात वर्षांची होते तेव्हापासून. हात ठेवला की हाताला कळतो. बाबांना सांगितलं, तर बाबा म्हणाले हात ठेवू नकोस." त्यांनी डोळे उघडून भावाकडे पाहिले. "विचारलं का कुणी त्याला?"

दिरांनी धाकट्या भावजयीकडे बोट दाखवले.

"उत्तर आलं?"

दिरांनी होकारार्थी मान हलवली.

"मग झालं," आक्का म्हणाल्या. "आता ती उठणार नाही."

ती खरेच खुर्ची ओढून मेजापाशी बसली होती. त्याच वेळी दारात मुकादम आला. हातात टोपी, बुटांना सिमेंट. "साहेब, जेवणं झाली असतील तर सुरू करू का? माल घट्ट होतोय."

मुकादमाने दिरांकडे पाहिले, मग संचालिकांकडे. संचालिका पाटी वाचत होत्या, जणू ती त्यांनी आधी वाचलीच नव्हती.

"भाऊजी," ती शांतपणे म्हणाली, "मी विचारलंय, आणि तो आहे म्हणालाय. मी इथून हलत नाही. नळ सोडायचा तर सोडा, मी विचारत राहीन. त्यानं उत्तर द्यायचं थांबवलं की तुम्हालाही कळेल."

"तू..." दीर म्हणाले. इतक्या वर्षांत ते तिला प्रथमच 'तू' म्हणत होते. "तू माझ्या भावाचं नाव घेऊन आम्हाला फसवलंस."

"हो. तुमच्या भावानं रोज न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून मला ते शिकवलं. तुम्हालाही कुणीतरी शिकवलंच असेल."

मेजाच्या एका टोकाशी खाली पुन्हा ठोका पडला. या वेळी मुकादमानेही ऐकला. तो दोन पावले मागे सरला. थोरल्या दिरांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट घडी घालून ठेवला, आणि बाह्या वर सारल्या.

"पंप राहू दे," ते मुकादमाला म्हणाले. "आणि माणसं नकोत तुझी. घरचीच उचलतील." पुतण्यांकडे वळून ते खेकसले, "बघता काय? त्या बाजूला व्हा."

मेज जागचे हलायला फार वेळ लागला. त्याचे पाय फरशीत रुतले होते. ओढले तेव्हा दाढ उपटावी तसा आवाज झाला. खाली गालिचा, गालिच्याखाली एक फरशी, इतर फरश्यांपेक्षा कोवळी, जिच्यावर कधीच कुणाचे पाऊल पडले नव्हते. लोखंडी पहारीने फरशी उचलताना ती तोंडाशी बसून अधूनमधून विचारत राहिली, कारण रीत तशी होती. उत्तर पुन्हा आले नाही. तिने विचारणे सोडले नाही.

झाकण बाजूला झाले. आंबूस हवेचा लोट वर आला आणि सगळ्यांनी तोंडावर पदर, रुमाल, बाह्या धरल्या. अंगणातून आत आलेल्या इंजिनीअरने दिवा सोडला, विझला. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. मग सगळे जण जमिनीवर बसून राहिले, हवा बदलण्याची वाट पाहत, कुणीही काहीही न बोलता. ऊन खिडकीतून आत सरकले. पोलिसांना बोलावणे गेले. संचालिका निघून गेल्या होत्या. जाताना त्यांनी मद्यालयाचे चित्र आपल्या पिशवीत पालथे ठेवले होते. दोनदा दिरांनी तिला खुणावले, मी बसतो, तू जरा ऊठ. घरच्याच माणसाने बसायचे होते, म्हणून दुसऱ्यांदा तिने त्यांना बाजूला जागा करून दिली. पण स्वतः उठली नाही.

उतरत्या उन्हात दिवा जळत राहिला.

तोंडाच्या अगदी जवळ, हात वर पोचेल इतक्यावर, काळ्या पडलेल्या धान्याच्या उतारावर तो बसलेला होता. पाठ भिंतीला, मान वर, जणू कुणी विचारील म्हणून कान देऊन. उजव्या हाताच्या हाडांत चांदीचे माप होते. ते पालथे धरलेले होते. दिरांनी खाली वाकून दिवा जवळ नेला, आणि सर्वांना दिसले की मापाचा काठ एका बाजूने ठोकून ठोकून पार चेपला होता.